ताईचा गायक आणि खोटे सुतक

धर्मशास्त्राचा खोटा निर्णय मी आयुष्यात एकदाच दिला. तेव्हा मी बावीस वर्षांचा होतो आणि दुबईत, अल मनखूलमध्ये, थोरल्या बहिणीच्या घरी राहत होतो. निमित्त झाले एका अमेरिकन गायकाचे. त्याला मी कधी पाहिले नाही, आणि माझे नाव त्याच्या कानावर जाण्याचे काही कारणही नव्हते. त्यानंतरच्या आयुष्यात लोकांनी मला तिथी विचारल्या, मुहूर्त विचारले, सोयर-सुतक विचारले. ग्रंथ उघडून पाहिल्याशिवाय मी एकालाही उत्तर दिले नाही. लोक त्याला माझी निष्ठा समजतात. एकदा हात भाजलेल्या माणसाने सांडशी वापरावी, एवढीच त्या निष्ठेची योग्यता आहे. हे प्रकरण लिहावे की लिहू नये याचा मी बरेच दिवस विचार केला. पाठशाळेची, गुरुजींची, कृष्णाकाठच्या पहाटेची पाने सहज लिहून झाली. इथे येऊन लेखणी अडली. अडली, म्हणूनच लिहितो आहे.

ताई माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी. आई गेली तेव्हा मी फार लहान होतो. मला न्हाऊ घालणे, भरवणे, तिन्हीसांजेला समोर बसवून परवचा म्हणवून घेणे हे सारे तिने केले. ती लग्न होऊन भावोजींबरोबर आखातात गेली आणि वडिलांनी मला पाठशाळेत ठेवले. तिथले अध्ययन संपले तोवर वडीलही राहिले नव्हते. भावोजींनी व्हिसाची व्यवस्था केली, खाडीवरच्या एका कचेरीत जहाजांच्या मालाची कागदपत्रे टंकलिखित करण्याचे काम मिळवून दिले, आणि मी शेंडी टोपीखाली घालून विमानात बसलो. घर तिसऱ्या मजल्यावर होते: दोन खोल्या आणि एक हॉल. हॉलमध्ये देवांच्या फळीखाली माझी गादी असे. भिंतीतला एसी उन्हाळाभर घरघरत राही. त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की हिवाळ्यात तो बंद झाला म्हणजे कोणीतरी घर सोडून गेल्यासारखे वाटे. पहाटे मी गॅलरीत पूर्वेकडे तोंड करून संध्येला बसे, तेव्हा समोरच्या मशिदीतली बांग नुकतीच संपलेली असे आणि खालच्या कॅफेटेरियात चहाचे पहिले भांडे चढत असे. ताईचा स्वयंपाक मात्र समुद्र ओलांडून जसाच्या तसा आला होता. आमसुलाची आमटी, ओल्या नारळाची चटणी, आणि शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, डाळिंब्यांची उसळ आणि घडीच्या पोळ्या. पोळ्या लाटताना ती गात असे, आणि ते गाणे इंग्रजी असे.

समोरच्या दारी शमीमभाभी राहत. मूळच्या दापोलीकडच्या, त्यांच्या यजमानांचा जहाजांच्या सुट्या भागांचा व्यापार होता. त्या आणि ताई दिवसातून चार वेळा एकमेकींच्या दारात उभ्या राहून बोलत, आणि ते बोलणे असे चाले की दोघींनाही आपापल्या गॅसवर काय ठेवले आहे याचा विसर पडे. नारळाच्या वड्या केल्या की भाभी आमच्यासाठी निराळ्या पातेल्यात करीत. ते पातेले त्यांनी केवळ त्याच कामाला ठेवले होते. ताई, भावोजी आणि माझी आठ वर्षांची भाची मुक्ता त्या वड्या आवडीने खात. मी मात्र दर वेळी काहीतरी उपास सांगे. एकदा भाभी हसून ताईला म्हणाल्या, “सुधाभाभी, तुमच्या भावाचा रोजा आमच्यापेक्षा लांब आहे हो. आमचा निदान संध्याकाळी सुटतो.” भावोजी मनमुराद हसले. मीही हसल्यासारखे केले आणि मनातल्या मनात माझ्या सोवळ्याची पाठ थोपटली. आज त्या वड्यांची आठवण आली की घास घशात अडकतो. पण त्याहून मोठा घास पुढे आहे.

लग्न होऊन आली तेव्हा ताईला इंग्रजी येत नव्हते. भावोजी बारा-बारा तास बाहेर, खालचे लोक हिंदी बोलणारे नाहीतर मल्याळी, आणि घरात एक रेडिओ. त्या रेडिओवर एका दुपारी तिने त्या गायकाचे एक संथ गाणे ऐकले. त्याचे शब्द एकेक सुटे, मणी ओवावेत तसे येत होते. तिने ते देवनागरीत वहीत उतरवून घेतले, मग भावोजींच्या शब्दकोशातून अर्थ शोधले, आणि पुढच्या आठवड्यात तेच गाणे पुन्हा लागेल म्हणून रेडिओपाशी बसून राहिली. अशा रीतीने तिने इंग्रजी शिकून घेतले. बँकेतल्या माणसाशी, डॉक्टरशी, मुक्ताच्या शाळेतल्या बाईंशी ती जे बोले त्यातले निम्मे शब्द त्या गायकाकडून आलेले होते. पुढे बर दुबईच्या बाजारातून तिने त्याच्या कॅसेटी आणल्या. एका वेष्टनावर कोण्या स्त्रीचे चित्र होते; तिच्या उघड्या दंडांवर तिथल्या नियमाप्रमाणे काळ्या मार्करने बाह्या रंगवलेल्या होत्या. ताई म्हणे, “बघ, माझ्या गायकाच्या घरच्यांनाही इथे पदर घ्यावा लागतो.”

त्या गायकाची हकीकत तिने मला कित्येकदा सांगितली. पोथी सांगावी तशी, तोच क्रम ठेवून. तो मूळचा चौघांच्या एका बँडमधला. गाणी हा लिही, चालीही याच्याच. पण गाई दुसरा, देखणा आणि गोड गळ्याचा. दहा वर्षे लोक त्या दुसऱ्याला डोक्यावर घेऊन नाचले. मग एके दिवशी हा उठला आणि म्हणाला की यापुढे माझी गाणी मीच म्हणेन. सगळे हसले. याने लिहावे, गाऊ नये, असे म्हणाले. एकट्याची पहिली कॅसेट कोणी विकत घेतली नाही. दुसरी त्याने घरात बसून केली, सगळी वाद्ये आपणच वाजवली. एका गाण्यात खुर्ची करकरल्याचा आवाज तसाच राहिला आहे, तो ताई मला मुद्दाम ऐकवी. तिसरीपासून जग त्याच्याकडे वळले. मी विचारले, “ताई, याचा आवाज तर खरखरीत आहे. तुला यात काय आवडतं?” ती कणीक मळत होती. म्हणाली, “आवाज चांगला नाहीच रे. पण शब्द त्याचेच आहेत ना, म्हणून तो म्हणतो तेव्हा खरे वाटतात. दुसऱ्याचे शब्द सुरेख म्हणणारे खूप असतात.” ती हे मला उद्देशून बोलली नव्हती. तरी मला ते लागले. माझे सारे शिक्षण दुसऱ्याचे शब्द, एक मात्राही न हलवता, सुरेख म्हणण्याचे होते.

आणखी एक गोष्ट मी तेव्हा कोणाला सांगितली नाही. पाठशाळेने मला अशी स्मरणशक्ती दिली होती की दोनदा कानावर पडलेले तिसऱ्यांदा तोंडावर येई, अर्थ कळो न कळो. त्या घरात राहून त्या माणसाची चार कॅसेटींची गाणी मला नकळत मुखोद्गत झाली. पहाटे जपाची माळ फिरत असता मध्येच ती खरखर आत शिरे; माळ थांबे, बोट कुठल्या मण्यावर होते ते आठवेनासे होई. मी पुन्हा आचमन करून आरंभापासून जप सुरू करी. दोष माझ्या चंचल चित्ताचा होता, पण त्या वयात तो दोष मी सोयीस्करपणे अमेरिकेवर टाकला.

त्या हिवाळ्यात भाभींनी बातमी आणली की तो गायक दुबईत येणार, टेनिसच्या मैदानावर उघड्यावर गाणार, आणि त्यांच्या यजमानांनी ओळखीतून दोन तिकिटे मिळवली आहेत: एक भाभींचे, एक ताईचे. रात्रीच्या जेवणाला ताईने हे सांगितले तेव्हा तिचा हात वाढता वाढता थांबला होता. भावोजी मोकळ्या मनाचे गृहस्थ. ते म्हणाले, “दीडशे दिरहॅमचं तिकीट, म्हणजे दीड हजार रुपये, आणि तेही फुकट. जा की. मुक्ताला मी बघतो. आम्ही दोघं खिचडी लावू.” मुक्ताने “आई, यू विल क्राय, आय नो,” असे भाकीत केले. ताईने माझ्याकडे पाहिले. ती माझ्याहून इतकी मोठी, तरी घरात देवाधर्माचा प्रश्न असला की माझ्याकडे पाही. मी म्हणालो, “तुझी इच्छा.” पुढले आठ दिवस ती कोणती साडी नेसायची याचा विचार करीत होती आणि आमटीत दोनदा मीठ घालीत होती. तेहतीस वर्षांच्या बाईला तसे आनंदलेले मी पूर्वी पाहिले नव्हते, नंतरही पाहिले नाही.

दर शुक्रवारी सकाळी मी मराठी मुलांना स्तोत्रे शिकवी. तिथल्या मंडळाचे ज्येष्ठ सबनीसकाका तो वर्ग पाहायला येत. त्या वर्षी माघी गणेशजयंतीची सामुदायिक पूजा पहिल्यांदाच मंडळाने करायची ठरवली होती आणि ती मी सांगावी असे घाटत होते. मला ‘गुरुजी’ म्हणणारे हे पहिले लोक. वयाने वडिलांसारखे पुरुष मला वाकून नमस्कार करीत. त्या नमस्कारांची गोडी किती लागली होती हे मी आता सांगू शकतो. त्या शुक्रवारी वर्ग सुटल्यावर सबनीसकाकांनी चपला घालता घालता विचारले, “गुरुजी, ऐकतो ते खरं का? तुमच्या भगिनी गोऱ्याच्या गाण्याला निघाल्यात म्हणे. तिथं पब्लिक नाचतं, बियर असते. आपलं काही नाही हो, पण माघीच्या पूजेला गुरुजी तुम्ही, आणि चार माणसं बोलतात.” मी त्यांना नमस्कार करून निघालो. बसथांब्यापर्यंत चालत गेलो तेव्हा माझे कान तापले होते. ताईवर मला राग नव्हता. मला फक्त तो कार्यक्रम व्हायला नको होता. पाऊस येऊन रद्द व्हावा, त्या गायकाचा घसा बसावा, काहीही व्हावे, आणि माझ्यावर काही येऊ नये. दुसऱ्याच्या घशाला पीडा मागणारा मी त्या दिवशी दोन वेळा संध्या करून बसलो होतो.

मग चौथ्या-पाचव्या दिवशी भावोजींच्या कचेरीच्या टपालपेटीत त्यांच्या गावचे पत्र आले. कोणी दूरचे चुलतकाका वारले होते. पत्र पाठवणाऱ्याला पत्ता सापडायला वेळ लागला, आणि पत्र पोचायला आणखी. मृत्यू होऊन सव्वा महिना झाला होता. भावोजींनी पत्र घडी करून टेबलावर ठेवले आणि मला म्हणाले, “श्री, याचं काही पाळायचं असतं का रे? आमची घरं नऊ पिढ्यांपूर्वी वेगळी झाली. मी त्यांना आयुष्यात दोनदा पाहिलं असेल.”

शास्त्र मला त्या क्षणी जसे समोर पान असावे तसे स्पष्ट दिसले. सात पिढ्यांपलीकडचे नाते, आणि वार्ता मुदतीनंतर कानी आलेली. अशा वेळी अंगावरून पाणी घेतले की माणूस मोकळा. पतीचे सुतक पत्नीला, म्हणून ताईलाही तेवढेच. माझे गोत्र वेगळे, माझ्यावर तर तेही नाही. हे सारे मला विचार करावा न लागता आठवले. आणि त्याच क्षणी हेही आठवले की कार्यक्रम सहाव्या दिवशी आहे.

मी म्हणालो, “दहा दिवस.”

“दहा? इथे परदेशात बसूनही?”

“धर्माला परदेश नसतो, भावोजी.”

हे वाक्य मी केवढ्या गंभीरपणे उच्चारले. भावोजींनी मान डोलावली. माझ्या विद्येवर त्यांचा पूर्ण विश्वास होता, कारण स्वतः त्यांना त्यातले काही येत नव्हते आणि ते प्रामाणिक होते. स्वयंपाकघराच्या दारात ताई उभी होती. तिने बोटांच्या पेरांवर दिवस मोजले, मधल्या बोटाशी थांबली, मग आत जाऊन गॅस बारीक केला.

सुतक पाळले गेले. देवांची पूजा, रोज भावोजी करीत ती, मी करू लागलो. सुतकातल्यांच्या हातचे अन्न खाल्ले तर संसर्ग लागेल आणि माघीच्या पूजेचा अधिकार जाईल म्हणून मी हॉलच्या कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर माझ्यापुरता भात वेगळा शिजवू लागलो. मी स्वतः रचलेल्या सुतकाचा विटाळ होऊ नये म्हणून मी इतका जपत होतो. यातले हास्यास्पद तेव्हा मला दिसले नाही. ताई देवांपासून दूर बसे, कॅसेटी तिने कपाटात ठेवल्या, आणि पोळ्या आता नुसत्या लाटण्याच्या आवाजात होऊ लागल्या. माझी पहाटेची माळ त्या दिवसांत एकदाही थांबली नाही. मी ते देवाची कृपा समजलो.

दुसऱ्या दिवशी शमीमभाभी आल्या. त्या उंबऱ्याबाहेरच थांबल्या, कारण आमच्यातले नियम त्यांना माहीत होते. ताईजवळ दुःख व्यक्त करून झाल्यावर त्या माझ्याकडे वळल्या. “आमच्यात तीन दिवस, गुरुजी. नवऱ्यासाठी बायकोला जास्त, बाकी सगळ्यांना तीन, मग खलास. तुमच्यात काही सवलत नाही का?” मी म्हणालो की सवलत ही बाजारातली गोष्ट आहे. भाभींनी मला क्षणभर न्याहाळले. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या, “पण महिन्यापूर्वी गेलेल्या माणसाला आमच्या तिकिटांची तारीख कशी कळली, एवढंच मला नवल वाटतंय.” ताईने त्यांना हाताने गप्प केले. “असू दे, भाभी. नियम तो नियम. इन्शाल्ला, पुन्हा येईल तो.”

सहाव्या दिवशी दुपारी, भावोजी कामावर आणि मुक्ता शाळेत असताना, ताई हॉलमध्ये आली आणि माझ्या समोर, पण चार हात अंतर ठेवून, जमिनीवर बसली. तिने केस बांधलेले नव्हते. म्हणाली, “श्री, एकदा ग्रंथ काढून बघतोस? तुझ्यावर अविश्वास नाही. पण मला एकदा ती ओळ कानांनी ऐकायची आहे. म्हणजे मग मन खाणार नाही.”

तिने मला वाट काढून दिली होती. ‘अगं, मीच चुकलो, पिढ्या मोजायच्या राहिल्या,’ एवढे एक वाक्य बोललो असतो तर संध्याकाळी ती गेली असती, आणि माझी अब्रूही तिने सांभाळली असती. मी हात धुतले, ग्रंथ काढला, रेशमी बासन सोडले, प्रकरण उघडले. ओळ तिथे होती. आता एक गोष्ट सांगायची ती अशी की तो पाठ मला बदलता येईना. वेगळी एखादी ओळ वाचून दाखवता आली असती, एखादा शब्द गाळता आला असता. ताई काही पुस्तकात डोकावणार नव्हती. पण ज्या तोंडाने बारा वर्षे गुरूंसमोर एक ऱ्हस्व-दीर्घही ढळू दिला नव्हता, ते तोंड चुकीचा पाठ म्हणायला तयार होईना. मी ती ओळ अगदी शुद्ध, स्पष्ट, पदे तोडून वाचली. आणि मग मान वर न करता तिचा अर्थ खोटा सांगितला. म्हणालो, “दूर देशी उशिरा कळलं तरी कळल्या दिवसापासून दहा दिवस, असा याचा अर्थ.” अक्षर पवित्र आणि अर्थ माझ्या मालकीचा, असे मला त्या वेळी वाटले असावे. असल्या पापाला आमच्यासारखेच पात्र असतात; निरक्षर माणसाला ते जमत नाही.

ताई ऐकत होती. ओळ संपल्यावरही काही वेळ तिचे डोळे माझ्या तोंडावर होते. मग ती “बरं” म्हणाली, उठली, समोरच्या दारी गेली आणि भाभींना म्हणाली की तुमच्या पुतणीला घेऊन जा. संध्याकाळी खाली गाडीचा आवाज आला, भाभी कोणाला तरी “यल्ला, यल्ला” म्हणून घाई करीत होत्या, मग गाडी गेली. मुक्ता म्हणाली, “आई, यू आर नॉट इव्हन क्राइंग.” ताईने तिला पाढे म्हणायला बसवले. मी कोपऱ्यात माझा वेगळा भात ढवळीत होतो. मैदान आमच्या घरापासून दूर होते, तिथला आवाज येणे शक्य नव्हते. तरी ताईने गॅलरीचे दार उघडे ठेवले होते.

दहावा दिवस उलटला. सर्वांनी स्नाने केली, भावोजींनी जानवे बदलले. पुढच्याच आठवड्यात माघीची पूजा झाली. ती उत्तम झाली असे सगळे म्हणाले; सबनीसकाकांनी शाल घातली. मी प्रसादाचे मोदक घेऊन घरी आलो तेव्हा ताई एकटी होती. तिने दोन्ही हात पुढे करून प्रसाद घेतला, डोळ्यांना लावला, तोंडात टाकला, आणि सावकाश खाऊन झाल्यावर म्हणाली, “तू वाचलेल्या ओळीत ‘स्नान’ होतं, श्री. दहा नव्हतं.”

मी मोदकांचा डबा खाली ठेवला.

“बाबा पलीकडच्या खोलीत मुलांना संस्कृत शिकवायचे तेव्हा मी दाराआड तांदूळ निवडत बसायचे. सगळं नाही, पण एवढं मला कळतं. तू अर्थ सांगितलास तेव्हा वाटलं, विचारावं. मग म्हटलं, यांच्यासमोर निघालं तर तुला या घरात मान वर करून राहता येणार नाही.” तिने हात पुसले. “पाठ चुकवला नाहीस, एवढं मात्र बरं वाटलं.”

शिव्या दिल्या असत्या, हात उगारला असता, तरी ते मला आयुष्यभर पुरले नसते. ते शेवटचे वाक्य पुरले. ताई टोमणा मारीत नव्हती. तिला खरोखर तेवढे बरे वाटले होते. आपण वाढवलेल्या मुलात शोधून शोधून तिला एवढीच एक चांगली गोष्ट सापडली होती. मी क्षमा मागितली नाही. मागायची कशी हे मला येत नव्हते. त्याचा पाठ कोणी दिला नव्हता. पुढल्या वर्षी मी नोकरी सोडून भारतात परतलो आणि शिकवू लागलो.

तो गायक पुन्हा दुबईत आला नाही. त्याची एकट्याची कारकीर्द पुढे आणखी काही वर्षे चालली. ताई पत्रात कधी कधी लिही की नवी कॅसेट आली, आता कॅसेट नव्हे सीडी, आवाज आणखी बसला आहे, शब्द मात्र अजून त्याचेच. मग कळले की घशाच्या दुखण्याने तो गाणे थांबवणार आणि आता निघाली ती शेवटची. त्या हिवाळ्यात सुट्टीत मी पुष्कळ वर्षांनी ताईकडे गेलो होतो. मुक्ता कॉलेजच्या उंबरठ्यावर होती. तिने ती शेवटची सीडी आईसाठी आणली, आणि ताई वेष्टन सोडवीत असतानाच गावाहून फोन आला. भावोजींच्या त्याच दूरच्या शाखेतले आणखी कोणी गेले होते, दोन महिन्यांपूर्वी.

भावोजींनी फोन ठेवला आणि ताईला म्हणाले, “सुधा, ते गाणं तूर्त बाजूला ठेव. दहा दिवस. श्रीने सांगितलंय ना मागे.” ताईने सीडी फ्रिजवर ठेवली. मुक्ताने माझ्याकडे पाहिले. “मामा, सीरियसली? टेन डेज? हू इज धिस पर्सन?”

मी भावोजींकडे वळलो. म्हणालो, “भावोजी, दहा नाही. इतक्या दूरचं नातं, आणि इतक्या उशिरा कळलेलं. नुसतं स्नान पुरे.”

भावोजींच्या चेहऱ्यावर संशय नव्हता; हिशेब न जुळलेल्या माणसाचा निव्वळ गोंधळ होता. “स्नान? मग त्या वेळी दहा कसे काय झाले? तेही लांबचेच होते की.”

त्या प्रश्नाला उत्तर एकच होते. ते द्यायला मी तोंड उघडले असे मला स्मरते. पण माझ्या आधी ताई बोलली. “त्या वेळचं नातं जवळचं होतं. तुम्ही विसरलात.”

“असेल, असेल,” भावोजी म्हणाले आणि टॉवेल शोधू लागले.

ताईला मी असत्य बोलताना त्यापूर्वी कधी ऐकले नव्हते. मी खरे बोलणार होतो, असे मी स्वतःला पुष्कळदा बजावले आहे; वय वाढते तसे अधिक वेळा बजावतो. पण बोललो असतो की नाही हे मला ठाऊक नाही, आणि आता ते कळण्याचा मार्गही उरलेला नाही. तिच्या वाक्यानंतरही बोलायला मला पूर्ण मोकळीक होती. भावोजी दोन हातांच्या अंतरावर उभे होते, मुक्ता माझ्याकडे पाहत होती, ताई खाली पाहत होती. मी उठलो आणि भावोजींच्या स्नानासाठी गीझर लावायला गेलो.